'रिव्ह्यू द्या, पूर्ण पैसे परत मिळवा': माझे २९,८३७ रुपये असे गेले

एकूण २९,८३७ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळं ऐकून झाल्यावर लोक तेवढंच विचारतात. यातले २७,३३७ रुपये पाच वस्तूंचे आणि २,५०० रुपये 'अडकलेला रिफंड सोडवायला' भरलेले.

टास्क फ्रॉड कसा चालतो हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, आधी दीडशे रुपये खात्यात येतात, मग 'प्रीपेड टास्क' येतो आणि माणूस लाखांत बुडतो. मलाही ते पाठ होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असले इशारे मीच टाकायचे. हसायचं त्यांनी हसून घ्या. पण माझ्या बाबतीत कुणी लिंक पाठवली नाही, ओटीपी मागितला नाही, ॲप डाउनलोड करायला सांगितलं नाही. खरेदी नेहमीच्या शॉपिंग साइटवरून, पैसे थेट साइटला, दारात नेहमीचा डिलिव्हरीवाला. यात संशय घ्यायचा कुठे, ते आधी मला सांगा आणि मग अक्कल शिकवा.

मला रिव्ह्यू लिहायची सवय आहे. फुकट, हौस म्हणून. मिक्सरच्या छोट्या भांड्याचं झाकण किती महिन्यांत सैल होतं, कुठल्या डिटर्जंटने काळे कपडे पांढुरके पडतात, पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसवाली माणसं कुठला पार्ट विनाकारण बदलतात, हे सगळं मी लिहीत आलेय. फोटोसकट. एका इस्त्रीला मी दोन तारे दिले होते, त्या रिव्ह्यूला दोनशेच्या वर लोकांनी 'उपयुक्त' म्हटलं. अभिमान होता मला त्याचा. आणि नेमका तोच त्यांनी हेरला.

ऑफर्स शेअर करायच्या एका ग्रुपवर मी माझे रिव्ह्यू कधीमधी टाकायचे. तिथून एकाचा मेसेज आला. 'मॅम, तुमचे रिव्ह्यू खूप डिटेलमध्ये असतात. आमच्याकडे ब्रँडना अशाच जेन्युइन लोकांची गरज आहे.' बाकीच्यांना पैशाचं आमिष दाखवतात, मला कौतुकाचं दाखवलं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य असणार ते, शंभर जणींना तसंच पाठवलं असेल. पण घरात चटणीचं कौतुक होत नाही तिथे रिव्ह्यूचं कोण करणार? बरं वाटलं.

या धंद्यात त्याला 'रिव्ह्यू डील' म्हणतात आणि मधल्या माणसाला 'मीडिएटर'. विक्रेत्याला नवी वस्तू यादीत वर आणायची असते. त्यासाठी पाच तारे लागतात, तेही 'व्हेरिफाइड खरेदी' असा शिक्का असलेले. खोटी खाती उघडून तो शिक्का मिळत नाही. त्यासाठी खरा ग्राहक, खरा पत्ता आणि खरे पैसे लागतात. तुम्ही स्वतःच्या पैशाने वस्तू मागवायची. ऑर्डरचा स्क्रीनशॉट पाठवायचा, डिलिव्हरीचा पाठवायचा, फोटो टाकून पाच तारे द्यायचे, रिव्ह्यू साइटवर दिसू लागला की त्याची लिंक पाठवायची आणि मग 'रिफंड फॉर्म' भरायचा. वस्तू तुमचीच राहते आणि पैसे यूपीआयने परत येतात. कधी पूर्ण, कधी 'लेस फिफ्टी', म्हणजे पन्नास रुपये कापून. मीडिएटरच्या वर एक एजन्सी, तिच्यावर ब्रँड, अशी ती उतरंड. वरचं मडकं कुठलं ते खालच्याला कधीच दिसत नाही.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वस्तू खराब निघाली तर मी खराबच लिहीन. तो म्हणाला, 'ऑफकोर्स मॅम, ऑनेस्टच पाहिजे.' चॅट आहे माझ्याकडे.

पहिली वस्तू फरशी पुसायचा मॉप, ६४९ रुपये. मॉप खरोखर चांगला होता, अजून वापरतेय. पाच तारे मनापासून दिले. रिव्ह्यू दिसला त्याच संध्याकाळी ६४९ रुपये खात्यात. दुसरी इलेक्ट्रिक केटल, १,१४९ रुपये, लेस फिफ्टी, म्हणजे १,०९९ परत आले. तेही लगेच. तुम्हीच सांगा, दोनदा चोख व्यवहार झाल्यावर तिसऱ्यांदा कोण शंका घेतं? भाजीवाल्यावरही आपण यापेक्षा लवकर विश्वास टाकतो.

मग 'फेस्टिव्ह बॅच' आली. एअर फ्रायर ५,४९९. व्हॅक्यूम क्लीनर ७,२९०. गादीवर घालायचा टॉपर ३,८९९. ट्रॉली बॅगांचा संच ६,३५०. सगळं फुल रिफंड, लेस काही नाही. आणि 'फॅमिलीतल्या दुसऱ्या अकाउंटवरून एक ऑर्डर करा, तुम्हाला प्रायॉरिटी मिळेल' असं म्हणाला, म्हणून मी माझ्या धाकट्या नणंदेला गळ घातली. तिने ४,२९९ चा ब्लेंडर मागवला. 'वहिनी, तुम्ही म्हणताय म्हणून हं,' म्हणाली. हे वाक्य मी आता जन्मभर ऐकणार आहे, सणासुदीला तर नक्कीच.

आता ती जागा, जिथे माझं डोकं ताळ्यावर असायला हवं होतं.

नव्या बॅचच्या रिफंड फॉर्मवर, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'रिटर्न विंडो बंद झाल्यानंतरच फॉर्म भरावा. आधी भरलेले फॉर्म बाद होतील.' मी ते वाचलं. दोनदा वाचलं. मॉपच्या आणि केटलच्या वेळी असं काही नव्हतं, हेही लक्षात आलं. विचारलंसुद्धा, 'आधी तर लगेच रिफंड यायचा, आता का थांबायचं?' उत्तर आलं, 'मोठ्या अमाउंटला ब्रँड पॉलिसी असते मॅम, ३५ ते ४५ दिवस.' आणि मी त्याला अंगठ्याची इमोजी पाठवली. तो अंगठा अजून त्या चॅटमध्ये आहे. अधूनमधून उघडून बघते आणि स्वतःचाच संताप येतो.

कारण यात न समजण्यासारखं होतं काय? साइट विक्रेत्याला ग्राहकाचे पैसे लगेच देत नाही, परतीची मुदत संपेपर्यंत हातचं राखते. मुदत संपली की पैसे विक्रेत्याचे आणि वस्तू माझ्या गळ्यात. ते दहा दिवस दोरी माझ्या हातात होती. एक बटण दाबलं असतं तर २७,३३७ रुपये साइटनेच परत केले असते. त्याऐवजी मी काय केलं? फॉर्म लवकर भरला जाऊन बाद होऊ नये म्हणून मुदत संपायच्या तारखांची मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवली! स्वतःच्या हाताने! चोराला दाराची किल्ली देऊन वर कुठल्या वेळी घरात कुणी नसतं तेही सांगावं, तसला प्रकार.

त्यातही एअर फ्रायरने मला इशारा दिला होता. पहिल्यांदा धुतला तेव्हा आतल्या जाळीच्या कडेला कोटिंगचा काळा पापुद्रा नखाला लागला. तापला की हँडलपाशी जळक्या प्लास्टिकचा वास. मी तीन तारे द्यायचे ठरवलं आणि प्रामाणिकपणे त्याला कळवलं. तो म्हणाला, 'मॅम, थ्री स्टारला रिफंड होत नाही. पूर्ण बॅच कॅन्सल होईल.' पूर्ण बॅच म्हणजे नणंदेचे पैसेही. मग मी लिहिलं, 'दिसायला छान, वापरायला सोपा, आकार आटोपशीर.' यातलं एक अक्षर खोटं नाही. पापुद्र्याचं लिहिलं नाही, इतकंच. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपले सत्तावीस हजार अडकवून मग मला सांगावं.

मुदती संपल्या, फॉर्म भरले, 'इन प्रोसेस मॅम' सुरू झालं. मग 'ब्रँडकडून बॅच होल्डवर आहे'. मग 'अकाउंट्सचं क्लोजिंग चालू आहे'. शेवटी, 'रिफंड रिलीज करायला सिक्युरिटी २,५०० भरा, सगळ्यासोबत परत मिळेल.' यूपीआयच्या स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा एका माणसाचं नाव होतं. पिन टाकायच्या आधी ते नाव दिसतं, ते तिथे शोभेला नसतं, वाचा. मी वाचलं आणि तरी भरले, कारण २७ हजार अडकलेले असताना अडीच हजार मोठे वाटत नाहीत. त्यांचं गणित त्यावरच उभं आहे. पुढे ९,८०० मागितले 'टॅक्स क्लिअरन्स'चे, तेव्हा मात्र मी नाही म्हटलं आणि चार शब्द सुनावले. पाच मिनिटांत ग्रुपमधून बाहेर. ग्रुपवरची माहितीही गेली. म्हणून सांगते, भांडायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या. शिव्या नंतरही देता येतात.

आता सरकारी आणि बिनसरकारी मदतीची कहाणी.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन केला. फोन घेतला, तक्रार क्रमांक मिळाला, हे मान्य करते. पण तिथे प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ असं हाताशी लागतं. पैसे जितके ताजे तितकी ते समोरच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मी 'देईल, देईल' म्हणत थांबले होते, तोवर अडीच हजार पुढच्या खात्यात सरकले होते. आणि उरलेले २७,३३७? ते तर रीतसर खरेदीचे. फसवणुकीच्या कोष्टकात ते बसेचनात.

पोलीस ठाण्यात गेले. समोरच्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, 'वस्तू मिळाल्या ना?' मिळाल्या. 'पैसे दिले, वस्तू मिळाली. मग फसवणूक कसली?' मी म्हटलं, पैसे परत देतो असं सांगून घ्यायला लावल्या. तर म्हणे, 'म्हणजे तुम्ही पैसे घेऊन खोटे रिव्ह्यू टाकायला तयार झालात. मॅडम, तक्रार करताय की कबुली देताय?' शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी तिथे चहा प्यायला गेले नव्हते! खोटं आश्वासन देऊन माणसाला पैसे खर्चायला लावणं म्हणजे फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ तेच सांगतं. ऑनलाइन तोतयागिरी करून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड वेगळंच. हे मी घरून वाचून गेले होते. ते म्हणाले, 'हे सायबरवाल्यांचं काम.' सायबरवाले म्हणाले, 'एवढ्या रकमेला तुमचं पोलीस ठाणंच बघेल.' आणि ठाण्यातले पुन्हा म्हणाले, 'हा आरोपी आपल्या हद्दीतला वाटत नाही.' हद्द! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. हे बोलून दाखवलं तर 'वकील आहात का?' असा प्रश्न. शेवटी एका साध्या कागदावर अर्ज घेतला आणि कोपऱ्यात शिक्का मारून दिला. त्याला एफआयआर म्हणत नाहीत हे घरी आल्यावर कळलं. तुम्ही गेलात तर 'अर्ज देते' म्हणू नका, 'गुन्हा नोंदवा' म्हणा, आणि नोंदवला तर त्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेची तऱ्हा त्याहून न्यारी. काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, 'पिन तुम्हीच टाकला ना? मग ऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन.' रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं, त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर काही प्रकरणांत ग्राहकावर काहीच भार येत नाही. पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांना. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना त्याचं छत्र नाही. बरं, हेही त्यांनी सांगितलं नाही, मीच शोधलं. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची माहिती देता येत नाही म्हणे, गोपनीयता. माझी गोपनीयता मात्र त्या मीडिएटरकडे नाव, पत्ता, यूपीआय आयडीसकट फॉर्ममध्ये भरून पडलीय. बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तोंडी भांडणाचा पुरावा राहत नाही.

आणि सगळ्यात जास्त जिचा राग आहे ती शॉपिंग साइट. आधी चॅटबॉट. मग 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो'. मग २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं नियम सांगतो. पोच आली. निवारण काय झालं? 'आमच्या व्यासपीठाबाहेर झालेल्या व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही. तसेच आपण रिव्ह्यूच्या नियमांचा भंग केल्याचे आढळले आहे.' आणि माझे सगळे रिव्ह्यू काढून टाकले. त्या डीलच्या वस्तूंचेच नाहीत, सगळे. इस्त्रीचा, मिक्सरचा, पाण्याच्या फिल्टरचा. वर्षानुवर्षं लिहिलेलं खरं लिखाण एका झटक्यात साफ, आणि पुढे काही लिहायची बंदी.

विक्रेता? तो आहे तिथेच. चार पूर्णांक तीन तारे. नियमच सांगतो की विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकू नयेत. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकसुद्धा काढलं. पण ते ऐच्छिक! ऐच्छिक प्रामाणिकपणा म्हणजे काय ते मी बघतेच आहे. परवा तर तोच एअर फ्रायर वेगळ्याच ब्रँडच्या नावाने दिसला, २,१९९ ला, आणि खाली कुणाच्या तरी रिव्ह्यूत माझाच फोटो. माझ्या ओट्यामागची टाइल, तिच्यावरचा तडा, सगळं स्पष्ट. तक्रार केली. 'पडताळणी सुरू आहे.'

आता रिव्ह्यू कसे वाचते ते सांगते. पाच तारे मी बघतच नाही. दोन आणि तीन तारेवाले आधी, आणि नव्यात नवे आधी. एकाच आठवड्यात पाच ताऱ्यांचा पूर आला असेल तर ती 'बॅच' असते. 'डिलिव्हरी फास्ट, पॅकिंग मस्त' एवढंच असलेला रिव्ह्यू वापरायच्या आधी लिहिलेला असतो, कारण मीडिएटर घाई करतो. कधीकधी मोबाइल कव्हरचे जुने रिव्ह्यू केटलखाली दिसतात, म्हणजे जुन्या पानावर नवी वस्तू चढवलेली. आणि माझ्यासारखीने सविस्तर, फोटोसकट, समंजस लिहिलेलं असेल तर जास्तच सावध राहा. वाईट वाटतं हे लिहायला, पण त्यांना हवी असतात ती अशीच माणसं.

बिल मात्र जपून ठेवा, माझ्याकडे उरलेलं खरं हत्यार तेच आहे. बिलावर विक्रेत्याचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला की नोंदणीचं कायदेशीर नाव दिसतं. मी टाकला तर दोन विक्रेत्यांची नोंदणी रद्द झालेली निघाली. हे मला घरबसल्या पाच मिनिटांत कळलं, ठाण्यात त्या बिलांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, नोंद केलीय. तिथून तक्रार साइटकडे गेली आणि साइटने तेच जुनं पत्र चिकटवलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय, सदोष मालाच्या मुद्द्यावर, पापुद्र्याच्या फोटोंसह. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नणंदेचे ४,२९९ मी माझ्या पैशांतून देऊन टाकले. ब्लेंडर तिने परत पाठवला, माझ्याकडे.

आणि तुमच्यापैकी कुणी आत्ता असल्या डीलमध्ये असेल आणि परतीची मुदत संपली नसेल, तर वाचणं थांबवा, आधी वस्तू परत करा. मीडिएटर ओरडेल, ब्लॅकलिस्ट करीन म्हणेल, पुढची डील देणार नाही म्हणेल. ओरडू दे. मुदत संपली असेल तर निदान 'रिलीज'साठी एक रुपयाही पाठवू नका, आणि आज रात्रीच यूटीआर क्रमांक कागदावर उतरवून १९३० ला फोन लावा.